होतकरू खेळाडूंचा सौदा

अमेरिकेंत जुलै महिना संपत आला कीं बेसबॉलच्या शौकिनांची झोंप उडते. हंगामाचे जवळजवळ दोन-तृतीयांश सामने तोंवर होऊन गेलेले असतात; अजिंक्यपदाच्या शर्यतींत कोण टिकणार आणि कोण मागें पडणार याचा अंदाज बांधतां येऊं लागतो; आणि नेमकी याच सुमारास संघांना आपसांत खेळाडूंची अदलाबदल करण्याची मुदत संपते. त्या मुदतीच्या आधींचे चार-पांच दिवस म्हणजे एक बाजारच असतो. ज्या संघाला याच वर्षीं विजयाची आशा आहे तो एखादा मुरलेला, नांवाजलेला खेळाडू मागतो. ज्याची आशा मावळली आहे तो असा खेळाडू देऊन टाकतो. आणि त्याच्या मोबदल्यांत मागून घेतो तो बहुधा पैसा नव्हे, तर १९-२० वर्षांचीं पोरें. हीं पोरें म्हणजे त्या खेळांतले होतकरू. त्यांचा सौदा होत असतां आपल्या संघावर जीव टाकणाऱ्या चाहत्याच्या मनाची जी ओढाताण होते, ती या भाषणाचा विषय आहे.

क्रिकेट पाहून वाढलेल्या श्रोत्यांना या व्यवस्थेची थोडी ओळख करून देणें अवश्य आहे. अमेरिकन बेसबॉलच्या वरिष्ठ स्पर्धेंत तीस संघ आहेत, आणि प्रत्येकाच्या पदरीं कनिष्ठ दर्जाचे कांहीं संघ असतात. हे कनिष्ठ संघ बहुधा लहान शहरांतून खेळतात. शाळेंतून नुकताच बाहेर पडलेला मिशिगनचा मुलगा किंवा सोळा वर्षांचा व्हेनेझुएलाचा मुलगा तळच्या संघांत दाखल होतो, आणि अंगीं गुण असल्यास पायरीपायरीनें वर चढतो. हा चढ कित्येक वर्षांचा असतो, आणि चढणाऱ्यांपैकीं बहुतेक जण वाटेंतच थांबतात. १९२० नंतरच्या दशकांत सेंट लुईसच्या संघाचे चालक ब्रँच रिकी यांनीं ही पद्धत रूढ केली, आणि तिला नांव पडलें तें शेतीवरून. नांव अन्वर्थक आहे. शेतकऱ्याच्या घरीं खाण्याचें धान्य निराळें आणि बियाण्याची कणगी निराळी असते. जुलैच्या त्या बाजारांत हात घातला जातो तो या दुसऱ्या कणगींत. बियाणें दळून सण साजरा करावयाचें ठरलें म्हणजे घरची म्हातारी पुरण चाखते खरी, परंतु जात्याचा आवाज ऐकतांना ती कांहीं बोलत नाहीं.

चाहता या मुलांना ओळखतो तो बहुतेक वेळां केवळ नांवानें आणि आकड्यांनीं. त्यांतल्या कित्येकांना त्यानें प्रत्यक्ष पाहिलेलेंहि नसतें. परंतु अमक्या गांवच्या कनिष्ठ संघांत एक मुलगा वीज कडाडावी तसा चेंडू फेंकतो, ही वार्ता एकदां कानीं आली कीं तो मुलगा त्याच्या घरचा होतो. वरिष्ठ संघ सारखा हरत असला म्हणजे तर या आशेवरच तो दिवस काढतो. अढींत घातलेल्या आंब्यासारखें हें आहे. रोज हात घालून चांचपून पाहावें आणि 'अजून थोडे दिवस' असें म्हणून गवत पुन्हां सारखें करावें. वरिष्ठ संघांतला तिशीचा खेळाडू काय करूं शकतो आणि काय नाहीं हें साऱ्यांना ठाऊक झालेलें असतें. या मुलाची मर्यादा अजून कोणालाच दिसलेली नसते, आणि म्हणूनच तो इतका मोलाचा वाटतो.

यांत भावनेखेरीज व्यवहारहि आहे. १९७६ सालच्या करारापासून वरिष्ठ स्पर्धेंत सहा वर्षें काढल्याखेरीज खेळाडूला आपल्या मर्जीनें दुसरा संघ गांठतां येत नाहीं. तेव्हां होतकरू मुलगा देणें म्हणजे सहा वर्षांचा स्वस्तांतला खेळ देणें. आणि बदल्यांत आलेला नांवाजलेला गृहस्थ पुष्कळदां दोन-तीन महिन्यांचाच पाहुणा असतो. हातचें सोडून पळत्याच्या पाठीं लागूं नये ही म्हण येथें फारशी कामास येत नाहीं, कारण हातचें कोणतें आणि पळतें कोणतें हेंच ठरत नाहीं. यंदांची संधि हातांत आहे म्हणावें तर ती ऑक्टोबरांत निसटेल. मुलगा हातांत आहे म्हणावें तर तो पुढें कसा निघेल हें कोणास सांगतां येतें?

डेट्रॉइट शहराच्या 'टायगर्स' संघाची १९८७ सालची गोष्ट या संदर्भांत अमेरिकेंत वारंवार सांगितली जाते. सांगणारे ती बहुधा अदूरदृष्टीचा नमुना म्हणून सांगतात. तसें सांगणें अन्यायाचें आहे.

या संघानें १९८४ सालीं जागतिक मालिका जिंकली होती. (आपल्याच स्पर्धेंतील दोन संघांच्या अखेरच्या लढतीला अमेरिकन लोक खुशाल 'जागतिक' म्हणतात.) तीन वर्षांनीं त्या विजयी संघांतले बरेच गडी वयानें उतरूं लागले होते, तरीहि १९८७ च्या ऑगस्टमध्यें आपल्या विभागांत पहिल्या स्थानासाठीं त्यांची टोरोंटोच्या संघाशीं चुरस चालली होती. उणीव होती ती एका चांगल्या पिचरची. पिचर म्हणजे चेंडू फेंकणारा. परंतु क्रिकेटच्या गोलंदाजाहून त्याचा भार कितीतरी अधिक. सामन्याचा आरंभ करणारा पिचर त्या दिवशीं रंगांत असला तर सारा सामना एकट्याच्या खांद्यावर पेलतो, आणि मग त्याला चार दिवस विसावा द्यावा लागतो. असा एक खांदा डेट्रॉइटला हवा होता. १२ ऑगस्ट १९८७ रोजीं त्यांनीं अटलांटाच्या संघाकडून डॉइल अलेक्झांडर हा पिचर घेतला. त्याचें वय ३६ वर्षांचें होतें. बदल्यांत दिला तो जॉन स्मोल्ट्झ नांवाचा २० वर्षांचा पिचर. न्यूयॉर्क राज्यांतल्या ग्लेन्स फॉल्स गांवच्या कनिष्ठ संघाकडून खेळतांना त्या वर्षीं त्याच्या नांवावर ४ विजय व १० पराभव लागले होते. ज्यानें केवळ आकडे पाहिले असते त्यानें हा सौदा सोन्याचा म्हटला असता.

परंतु हा मुलगा कोण होता? डेट्रॉइटला लागूनच असलेल्या वॉरन गांवीं १९६७ सालीं त्याचा जन्म झाला. मिशिगनची राजधानी लान्सिंग येथें तो वाढला. त्याचे आजोबा टायगर स्टेडियमवर कामास होते. लहानपणापासून तो याच संघाचा भक्त होता, आणि या संघाचा नामांकित पिचर जॅक मॉरिस हा त्याचा आदर्श. १९८५ सालीं याच संघानें त्याला निवडलें, तेव्हां त्याच्या घरीं काय आनंद झाला असेल याची कल्पना करावी. म्हणजे डेट्रॉइटनें जो होतकरू दिला तो केवळ होतकरू नव्हता; तो स्वतःच त्या प्रेक्षकांपैकीं एक होता. प्रेक्षकांतून उठून मैदानाच्या दारापर्यंत आलेल्या मुलाला दारांतूनच दुसऱ्या गांवीं पाठविण्यांत आलें.

अलेक्झांडरनें काय केलें? त्याच्याकडून जेवढें मागतां आलें असतें तेवढें सारें केलें. उरलेल्या हंगामांत ११ सामन्यांचा आरंभ त्यानें केला. त्याच्या नांवावर ९ विजय लागले आणि पराभव एकहि नाहीं. दर नऊ डावांमागें त्यानें सरासरी दीड धावच दिली. सप्टेंबरच्या अखेरीस टोरोंटोचा संघ साडेतीन सामन्यांनीं पुढें होता, आणि हंगामाचा केवळ एक आठवडा उरला होता. पुढें टोरोंटोनें ओळीनें सात सामने गमावले. शेवटचे तीन सामने डेट्रॉइटच्याच मैदानावर याच दोन संघांत झाले, आणि तिन्ही डेट्रॉइटनें एकेका धावेनें जिंकले. त्यांतला पहिला सामना अलेक्झांडरचा होता. अखेरचा, ४ ऑक्टोबरचा, १-० असा सुटला, आणि डेट्रॉइटनें विभागाचें पहिलें स्थान दोन सामन्यांच्या आघाडीनें घेतलें. ज्यानें तो आठवडा पाहिला त्याला अलेक्झांडरला आणणें चूक होतें असें कोणी पटवूं पाहिलें तर तो हंसेल. ते नऊ विजय काढून घेतले तर त्या ऑक्टोबरांतलें कांहींच उरत नाहीं.

तथापि पुढल्याच फेरींत मिनेसोटाच्या संघानें डेट्रॉइटला ४-१ असें हरविलें, आणि अलेक्झांडर आपले दोन्ही सामने हरला. दोन वर्षांनीं, १९८९ च्या हंगामांत ६ विजय व १८ पराभव पदरीं घेऊन त्यानें खेळ सोडला. डेट्रॉइटचा संघहि त्यानंतर उतरणीस लागला. १९८७ नंतर हंगामोत्तर सामन्यांत त्याचें पाऊल पुन्हां पडलें तें एकदम २००६ सालीं.

स्मोल्ट्झ अटलांटाकडून १९८८ सालीं वरिष्ठ स्पर्धेंत उतरला. त्याचे पुढचे आकडे सांगावयाचे तर २१३ विजय. मध्यंतरीं दुखापतीनंतर भूमिका बदलून सामन्याच्या शेवटीं चेंडू फेंकण्यास येऊन राखलेले १५४ विजय निराळेच. १९९५ सालीं अटलांटानें जागतिक मालिका जिंकली तेव्हां तो त्या संघांत होता. १९९६ सालीं तो आपल्या लीगमधला सर्वोत्कृष्ट पिचर ठरला. २०१५ सालीं त्याला बेसबॉलच्या कीर्तिमंदिरांत स्थान मिळालें. परंतु डेट्रॉइटच्या चाहत्याला हे आकडे जितके बोंचले नसतील तितकी एक रात्र बोंचली असेल. २७ ऑक्टोबर १९९१. अटलांटा आणि मिनेसोटा यांच्यामधील जागतिक मालिकेचा सातवा, म्हणजे निकालाचा, सामना. अटलांटाकडून चेंडू फेंकावयास उभा राहिला तो २४ वर्षांचा स्मोल्ट्झ. मिनेसोटाकडून उभा राहिला तो जॅक मॉरिस. मॉरिसनें डेट्रॉइट सोडून अद्याप एक वर्षहि पुरें झालें नव्हतें. मुलगा आणि मुलाचा आदर्श समोरासमोर. सात डाव उलटून गेले तरी दोघांनींहि एक धाव दिली नाहीं. आठव्या डावांत स्मोल्ट्झला विसावा देण्यांत आला. मॉरिसनें दहा डाव एकट्यानें टाकले आणि मिनेसोटानें सामना १-० असा जिंकला. बेसबॉलच्या इतिहासांतल्या श्रेष्ठ सामन्यांत तो गणला जातो. त्या रात्रीं डेट्रॉइटमधल्या घरांतून जो दूरदर्शनच्या पडद्याकडे पाहत बसला असेल, त्याच्यासमोर एका बाजूस त्याचा गतकाळ उभा होता आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या वांट्यास न आलेला भविष्यकाळ. आणि दोघांच्याहि अंगावर परक्या संघाचा पोशाख होता.

हिशेब मांडणारे येथें एक चूक करितात. ते एका बाजूस ते नऊ विजय लिहितात, दुसऱ्या बाजूस २१३, आणि बेरीज-वजाबाकी करून सौदा बुडीत काढतात. वस्तुतः या दोन रकमा एका वहींत मांडावयाच्याच नव्हेत. अलेक्झांडरनें दिलें तें एका शरद्ऋतूचें सुख, आणि तें पुरेपूर दिलें. तें कोणी परत मागितलेलें नाहीं. स्मोल्ट्झबरोबर गेली ती एका मुलाला आपल्या अंगणांत मोठा होतांना पाहण्याची संधि. पहिलें मिळालें म्हणून दुसरें भरून निघत नाहीं, आणि दुसरें गेलें म्हणून पहिलें खोटें ठरत नाहीं. चाहत्याच्या मनांत दोन्ही शेजारीं शेजारीं नांदतात. 'मग तुला एकंदरींत काय वाटतें?' असें त्याला विचारण्यांत अर्थ नाहीं. एकंदर असें त्याला कांहीं वाटतच नाहीं.

जातां जातां या अलेक्झांडरचीच आणखी एक गंमत सांगण्यासारखी आहे. अटलांटानें त्याला मिळविलें होतें तें वर्षभरापूर्वीं, १९८६ च्या जुलैंत, टोरोंटोकडून; आणि त्याबद्दल दिला होता ड्युएन वॉर्ड नांवाचा तरुण पिचर. वॉर्ड पुढें टोरोंटोच्या १९९२ व १९९३ च्या विजेत्या संघांत चमकला. एका उतारवयाच्या गड्याच्या बदल्यांत दोन शहरांना दोन तरुण लाभले, आणि त्याला स्वतःला जागतिक मालिकेचें विजेतेपद कधींच लाभलें नाहीं.

मात्र चाहत्याची स्मृति निवडक असते. स्मोल्ट्झ ध्यानांत राहतो. दिलेले आणि पुढें कोठेंच न पोंचलेले मुलगे ध्यानांत राहत नाहींत, आणि संख्येनें तेच अधिक. याच डेट्रॉइटनें डिसेंबर २००७ मध्यें कॅमेरॉन मेबिन व अँड्र्यू मिलर यांच्यासह सहा तरुण फ्लोरिडाच्या संघाला देऊन मिगेल काब्रेरा याला आणविलें. तेव्हांहि हळहळ झालीच. काब्रेरानें २०१२ सालीं एकाच हंगामांत फलंदाजीचे तिन्ही प्रमुख मान मिळविले. असें यापूर्वीं घडलें होतें तें १९६७ सालीं. तो डेट्रॉइटकडूनच खेळत खेळत २०२३ सालीं निवृत्त झाला. मेबिनसाठीं कोणी अश्रु ढाळल्याचें ऐकिवांत नाहीं. मिलर मात्र उशिरां कां होईना, दुसरीकडे पिकला, आणि त्याची गांठ पुढल्या कथेंत पडते.

ती कथा शिकागोच्या 'कब्स' संघाची. १९०८ नंतर या संघानें जागतिक मालिका जिंकलेली नव्हती. तरुण देऊन टाकण्याचा याचा पूर्वेतिहासहि दांडगा: १९६४ च्या जूनमध्यें यानें लू ब्रॉक सेंट लुईसला दिला आणि एर्नी ब्रॉग्लिओ हा पिचर घेतला. ब्रॉग्लिओनें शिकागोला एकंदर सात विजय मिळवून दिले. ब्रॉकनें त्याच वर्षीं सेंट लुईसला जागतिक मालिका जिंकून देण्यास हातभार लावला आणि पुढें ९३८ बेस चोरून कीर्तिमंदिर गांठलें. या दोघांचीं नांवें जोडून बुडीत सौद्याला शिकागोंत म्हणच पडली. अशा गांवीं २०१६ च्या जुलैंत संघ आघाडीवर होता आणि शेवटच्या डावांत सामना राखणाऱ्या पिचरची तेवढी उणीव होती. २५ जुलै रोजीं कब्सनीं न्यूयॉर्कच्या यांकीज संघाकडून आरोल्डिस चॅपमन याला घेतलें. माणसाच्या हातून सुटलेल्या अतिवेगवान चेंडूंमध्यें त्याच्या चेंडूंची गणना होते. त्याचा करार तीन महिन्यांतच संपावयाचा होता. त्याच्याबद्दल चार खेळाडू दिले, आणि त्यांत मुख्य होता ग्लेबर टोरेस. काराकास शहरांतल्या या मुलाशीं शिकागोनें तो सोळा वर्षांचा असतां करार केला होता. आतां तो १९ वर्षांचा होता.

येथें ओढाताणीला आणखी एक पदर होता. त्याच वर्षाच्या आरंभीं चॅपमनवर कौटुंबिक हिंसाचारविषयक नियमान्वयें ३० सामन्यांची बंदी घालण्यांत आली होती. न्यायालयांत त्याच्यावर आरोप ठेवण्यांत आला नव्हता. परंतु शिकागोंतल्या अनेक चाहत्यांना, विशेषतः स्त्रियांना, हा माणूस आपल्या रंगाच्या पोशाखांत पाहवेना. कोवळा मुलगा द्यावयाचा आणि असा माणूस घ्यावयाचा, तोहि तीन महिन्यांपुरता! आणि तरीहि तो शेवटच्या डावांत चेंडू घेऊन उभा राहिला म्हणजे तेच लोक श्वास रोधून त्याच्या यशाची प्रार्थना करीत. १०८ वर्षांची भूक होती ती.

२ नोव्हेंबर २०१६ रोजीं क्लीव्हलँड येथें निकालाचा सातवा सामना झाला. तो पाहणाऱ्याला जुलैचाच बाजार पुन्हां भरल्यासारखें वाटलें असेल. शिकागोकडून आरंभ केला तो काइल हेन्ड्रिक्सनें. चार वर्षांपूर्वीं असाच जुलैच्या शेवटच्या दिवशीं, आपला एक जुना पिचर टेक्सासला देऊन शिकागोनें जे तरुण घेतले होते त्यांतला तो एक. टेक्सासच्या कणगींतलें बियाणें. क्लीव्हलँडकडून मध्यंतरीं आला तो वर सांगितलेला अँड्र्यू मिलर. त्यालाहि क्लीव्हलँडनें त्याच जुलैंत, त्याच न्यूयॉर्ककडून, चार तरुण देऊन आणलें होतें. त्या रात्रीं दोन्ही विकत घेतलेले पिचर डगमगले. मिलरनें दोन धावा दिल्या. चॅपमन आठव्या डावांत आला, आणि राजाय डेव्हिसनें त्याचा चेंडू प्रेक्षकांत भिरकावून सामना बरोबरींत आणला. ज्याच्यासाठीं टोरेस दिला तोच ऐन वेळीं फुटला! मग पाऊस आला, खेळ सतरा मिनिटें थांबला, आणि दहाव्या डावांत शिकागोनें सामना ८-७ असा घेतला.

त्यानंतर दीड महिन्यांतच चॅपमन मोठ्या रकमेचा करार करून न्यूयॉर्कला परतला. टोरेस तेथें होताच. २०१८ सालीं, आपल्या पहिल्याच वर्षीं, तो ऑल-स्टार सामन्यासाठीं निवडला गेला, आणि २०१९ च्या हंगामांत त्यानें ३८ होम रन मारले. न्यूयॉर्कच्या दोन्ही हातांत लाडू. शिकागोचा चाहता यावर काय बोलणार? त्याच्या आजोबांनीं आणि पणजोबांनीं जें पाहिलें नव्हतें तें त्यानें पाहिलें होतें. त्यानें तक्रार केली नाहीं. परंतु टोरेसच्या होम रनची बातमी दिसली कीं तो ती वाचल्यावांचून पुढेंहि जात नसे. विजय मिळाल्यानें त्याला कुरकुर करण्याचा हक्क उरला नव्हता, एवढेंच. हळहळ हक्क विचारून येत नाहीं.

क्लीव्हलँडचें मात्र वेगळें. तेथून गेलेल्या चौघांपैकीं ज्यांचा गाजावाजा अधिक होता ते क्लिंट फ्रेझर व जस्टस शेफील्ड पुढें विशेष चमकले नाहींत. हिशेबानें पाहतां सौदा क्लीव्हलँडच्याच लाभाचा. मिलर त्या ऑक्टोबरांत अप्रतिम खेळला होता. आणि १९४८ नंतरचा त्यांचा दुष्काळ मात्र तसाच राहिला. चांगला सौदा करणारा हरला आणि महागांत पडलेला जिंकला, यावरून या बाजारांत शहाणपण कितपत उपयोगी पडतें तें दिसतें.

पुढल्याच वर्षीं शिकागोनें पुन्हां कणगी उघडली. जुलै २०१७ मध्यें एलॉय हिमेनेझ व डिलन सीझ यांच्यासह चौघे देऊन त्यांनीं होझे किंताना हा पिचर आणला, आणि तोहि कोणाकडून, तर त्याच शहराच्या दक्षिण भागांतल्या 'व्हाइट सॉक्स' संघाकडून. त्यामुळें गेलेल्या मुलांचें कौतुक शेजारच्या गल्लींतून ऐकूं येण्याची सोय झाली. सीझ २०२२ सालीं आपल्या लीगच्या सर्वोत्कृष्ट पिचरच्या निवडींत दुसरा आला. या वेळीं विजेतेपद आलें नाहीं; कुरकुरीचा हक्क अबाधित राहिला, आणि तो पुरेपूर वापरण्यांत आला.

या साऱ्या उलाढालींत ज्याचा सौदा होतो त्याला मात्र कोणी विचारीत नाहीं. वरिष्ठ स्पर्धेंत १० वर्षें काढलेल्या आणि त्यांतलीं शेवटचीं ५ वर्षें एकाच संघांत असलेल्या खेळाडूला अदलाबदल नाकारण्याचा अधिकार आहे. तो प्रथम बजावला तो शिकागोच्याच रॉन सांटोनें, १९७३ च्या डिसेंबरांत. त्याला कॅलिफोर्नियाला पाठविण्याचें ठरलें असतां तो नाहीं म्हणाला, आणि शेवटीं त्याच शहरांतल्या व्हाइट सॉक्सकडे गेला. परंतु १९ वर्षांच्या मुलाला हा अधिकार कोठून असणार? खोलींत बोलावून त्याला सांगण्यांत येतें आणि तो सामान बांधतो. टोरेससारख्या मोजक्यांना आरंभींच मोठी रक्कम मिळते. बाकीच्यांची स्थिति २०२२ पर्यंत अशी होती कीं पूर्ण हंगाम खेळणाऱ्या खालच्या पायरीवरच्या खेळाडूला वर्षाला सुमारें ११,००० डॉलर मिळत. २०२२ सालीं कनिष्ठ खेळाडू संघटित झाले, आणि २०२३ च्या पहिल्या करारानें ही रक्कम २६,२०० वर गेली. या मुलांच्या नांवें लोक चौकांतून सौदे मांडतात. आणि चाहता तरी कसें बोलतो? 'त्या दर्जाचीं दोन पोरें द्या आणि तो पिचर आणा,' असें तो नाणीं मोजावीं तसें बोलून जातो. ज्याच्यासाठीं रात्रीं हळहळतो त्याच्याविषयींच सकाळीं असें बोलतो. त्याच्या मनाची ही दुसरी बाजूहि खरीच आहे, आणि ती त्यानें लपवूं नये.

अदलाबदलीचें चाक फिरतच असतें. २०२१ च्या जुलैंत २०१६ चे विजयी वीर पांगले. त्यांतला हावियर बाएझ न्यूयॉर्कच्या 'मेट्स' संघाकडे गेला, तेव्हां शिकागोंत पुष्कळांचे डोळे पाणावले. त्याच्या बदल्यांत आला पीट क्रो-आर्मस्ट्राँग, १९ वर्षांचा, खांद्यावर नुकतीच शस्त्रक्रिया झालेला, कनिष्ठ संघांतून जेमतेम सहा सामने खेळलेला. हीं मेट्सच्या चाहत्यांची अढी होती. २०२५ च्या हंगामांत त्यानें शिकागोकडून ३१ होम रन मारले आणि ३५ बेस चोरले.

त्याच हंगामासाठीं, डिसेंबर २०२४ मध्यें, शिकागोनें ह्यूस्टनकडून काइल टकर याला आणलें होतें, आणि त्याच्यासाठीं दिलेल्या तिघांत होता कॅम स्मिथ. त्याची निवड शिकागोनें अवघ्या पांच महिन्यांपूर्वीं केली होती, वय २१. टकरच्या कराराचें एकच वर्ष उरलें होतें. २०२५ मध्यें शिकागोनें सॅन डिएगोला हरविलें, मग मिलवॉकीकडून पांचव्या सामन्यांत हार खाल्ली, आणि टकरचा करार संपून तो मोकळा झाला. स्मिथ त्या हंगामाच्या पहिल्या दिवसापासून ह्यूस्टनच्या वरिष्ठ संघांत खेळला. शिकागोचा चाहता त्या उन्हाळ्यांत रोज सकाळीं प्रथम आपल्या संघाचे आकडे पाहत असे, आणि मग ह्यूस्टनचे.